काढून ठेवलेला पंप

१

पंपात दोष क्वचितच असतो. दोष असतो तो डिझेलमध्ये, फिल्टरमध्ये, नाहीतर चालवणाऱ्याच्या डोक्यात. सत्तावीस वर्षं डिझेलचे पंप खोलून मी एवढं शिकलोय आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. म्हणून माझ्याकडे लोक कामापुरते येतात. गप्पा मारायला शेजारच्या लेथवाल्याकडे जातात.

दाजींची गोष्ट वेगळी. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि गप्पा मारल्याशिवाय त्यांना गाडीतून उतरताच येत नाही. "डॉक्टर, पेशंट चढावर धापा टाकतोय. आमच्यासारखाच," असं म्हणत त्या सोमवारी त्यांनी ट्रक माझ्या दारात लावला. ट्रक त्यांचा स्वतःचा, जुना, सहा चाकी. खालच्या कारखान्यातून फरशा भरायच्या आणि डोंगरावरच्या गावात नेऊन टाकायच्या, दिवसाला दोन खेपा. मधे सात वळणं. चढावर इंजिन बंद पडलं तर पाठीमागे फरशांचं ओझं असतं. उतारावर पडलं तर आणखी वाईट, कारण स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा चार वेळा पाय दाबेपर्यंत कशीबशी पुरते.

ताई कधी माझ्याकडे काही मागत नाही. त्या दिवशी मात्र तिने वेगळा फोन केला. "मन लावून बघ रे. हे हसण्यावारी नेतात, पण परवा दोनदा बंद पडली. तिकडे वळणांना कठडासुद्धा नाही."

मी मन लावून बघितलं. टाकीची जाळी साफ होती, फिल्टर नवा होता. ओढणाऱ्या पाइपच्या जागी पारदर्शक नळी लावून पाहिली, तर हवेचा एक बुडबुडा नाही. मग डिझेलचा कॅन आरशाच्या दांड्याला टांगला आणि वरून थेट मोठ्या पंपाला डिझेल दिलं. गाडी पहिल्या चढापर्यंत नेऊन आणली. घोड्यासारखी पळाली. म्हणजे मोठा पंप निर्दोष, आणि गुन्हेगार तो छोटा, टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला पोचवणारा फीड पंप. मुठीएवढी वस्तू. पुढे एक रोलर, मागे प्लंजर म्हणजे मागेपुढे सरकणारा दट्ट्या, स्प्रिंग आणि दोन व्हाल्व्ह. इंजिन फिरलं की रोलर आत ढकलला जातो, स्प्रिंग त्याला परत लोटते. बाकी काही नाही.

तीन नट सोडवले, दोन पाइप काढले, नवा पंप बसवला, तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली. अर्ध्या चावीला इंजिन चालू झालं. दाजींनी मला नमस्कार केला, तोही चेष्टेने, आणि गेले.

२

काढलेला पंप मी लगेच फेकत नाही. माझ्या उस्तादांनी लावलेली शिस्त आहे. भाग बदलला म्हणजे काम संपलं नाही, तो का बिघडला हे कळलं तर काम संपलं. जुना भाग उघडायचा, कारण शोधायचं, मग भंगारात टाकायचा. त्यासाठी तो आदल्या संध्याकाळी ट्रेमध्ये उपडा ठेवायचा, म्हणजे आतलं डिझेल निथळून जातं.

मंगळवारी सकाळी पंपरूम, म्हणजे पंप खोलायची माझी खोली, उघडली तर ट्रे काठोकाठ भरला होता. फीड पंपात डिझेल मावतं ते फार तर दोन चमचे. ट्रे दोन लिटरचा आहे.

मी छत बघितलं, फळी बघितली, टेस्ट बेंचचे पाइप चाचपले. सगळं कोरडं. शेवटी लेथवाल्याला हाक मारून विचारलं, "काल तू माझ्या ट्रेमध्ये काही ओतलंस का?"

"हो, हल्ली मला वाईट सवय लागलीय," तो म्हणाला. "घरचं डिझेल आणून तुझ्या ट्रेमध्ये ओततो."

त्याच्याकडून शहाणपणाचं उत्तर मिळेल ही माझीच चूक. मी ट्रे रिकामा केला, पुसला, पंप परत ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. तासाभराने पाहिलं तर ट्रेमध्ये बोटभर डिझेल. स्वच्छ आणि ताजं. पंप हातात घेतला तर तो कोमट लागला. उन्हात ठेवलेली वस्तू लागते तसा. पण पंपरूमला एकच खिडकी आहे आणि ती उत्तरेला आहे.

अंगावर काटा आला असं मी म्हणणार नाही. मला राग आला. सत्तावीस वर्षांत पंपाने मला शेंडी लावलेली नाही.

३

पंप टेस्ट बेंचवर चढवला. बेंचची मोटर रोलरला फिरवते, इंजिनाचं काम मोटर करते, आणि समोरच्या काट्यावर दाब दिसतो. सावकाश फिरवला, दाब बरोबर. जोरात फिरवला, दाब बरोबर. बराच वेळ पूर्ण वेगावर ठेवला, तरी काटा जागचा हलला नाही. म्हणजे मी दाजींच्या गाडीतून चांगला पंप काढला होता. मग कॅन लावल्यावर गाडी सुधारली कशी? नवा पंप लावल्यावर नीट चालू झाली कशी? मला काहीच उमगेना.

मग बाकावरच्या वाइसच्या पकडीत आवळून उघडला. प्लंजर बाहेर काढला, भिंगातून बघितला. ओरखडा नाही. स्प्रिंगची लांबी मोजली. व्हाल्व्ह बसत होते. सगळे भाग फडक्यावर ओळीने मांडून मी त्यांच्याकडे बघत बसलो असताना फोन वाजला. घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"अरे, यांची गाडी बंद पडली," ताई म्हणाली. "दुसऱ्या वळणावर. चाकामागे दगड लावून उभे आहेत. काय करायचं विचारताहेत."

कालच बसवलेला पंप, माझ्या हाताने. "त्यांना म्हणावं, हातपंपाने हवा काढा. बाजूचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत."

ती दुसऱ्या फोनवरून त्यांना सांगत होती आणि मी हाताला चाळा म्हणून समोरचा पंप परत जुळवत होतो. प्लंजर, स्प्रिंग, आवळायची टोपी. टोपीला शेवटचा पीळ दिला आणि ताई म्हणाली, "झाली, झाली चालू! देव पावला."

संध्याकाळी दाजींचा फोन आला, नेहमीसारखा हसत. "डॉक्टर, ती एक उचकी सोडली तर गाडी काय पळतेय! त्याच्या आधी, साडेदहाला, चौथ्या गिअरमध्ये पहिला चढ चढली. असं कधी झालं नव्हतं."

साडेदहाला मी बेंच पूर्ण वेगावर ठेवला होता. मी ते त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

४

योगायोग म्हणून एक गोष्ट असते. माझा तिच्यावर विश्वास आहे, कारण तिच्यावर विश्वास ठेवला नाही तर माणसाचं डोकं फिरतं. बुधवारी सकाळी मी स्वतःला बजावलं की पंप उघडायचा, स्प्रिंग बदलून बघायची, आणि भंगारात टाकून मोकळं व्हायचं. नऊ चाळीसला उघडला. वेळ भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिली. का लिहिली हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

नऊ त्रेचाळीसला फोन वाजला. पुन्हा ताई. पुन्हा बंद, या वेळी पाचव्या वळणाच्या अलीकडे. मी तिचं पुढचं ऐकलंच नाही. फोन बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी पंप जुळवला. टोपी आवळून फोन कानाला लावला तेव्हा ती म्हणत होती, "...आपोआपच चालू झाली म्हणे. काही न करता. अरे, तू ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"हे हसताहेत. पण मला हसू येत नाही रे."

मलाही येत नव्हतं. मी पंप उचलला आणि तेव्हा तो रोलर हलताना दिसला. आत जायचा, बाहेर यायचा. आत, बाहेर. सावकाश, पण न चुकता. त्याला फिरवायला तिथे काहीही नव्हतं. माझ्या तळहातावर डिझेलचा ओघळ उतरून मनगटापर्यंत आला होता.

मी धावत लेथवाल्याकडे गेलो. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले, पंप घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"काय बघू यात?"

"रोलर. हलतोय बघ. आणि गरम आहे."

"गार आहे की," तो म्हणाला. पंप त्याने बाकावर ठेवला. रोलर स्थिर होता. त्याने तो परत माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. या वेळी चेष्टा न करता म्हणाला, "तुझा हात थरथरतोय रे. जेवलास का सकाळपासून?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. तो खरंच थरथरत होता. पंपामुळे हात थरथरत होता की हातामुळे पंप, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

५

दोनदा घडलं तर योगायोग, तिसऱ्यांदा घडलं तर कारण. हा हिशोब कोणाही कारागिराला पटेल. मला तिसरी वेळ हवी होती. मात्र गाडी रस्त्यावर असताना नाही, एवढी अक्कल मला होती.

गुरुवारी बारा वाजता मी दाजींना फोन केला. ते वरच्या गावात पोचले होते, फरशा उतरवायचं काम चाललं होतं.

"दाजी, एक काम करा. माल उतरला की लगेच निघू नका. दोन ते अडीच, अर्धा तास गाडी तिथेच उभी ठेवा, इंजिन चालू. मला बघायचंय, गरम झाल्यावर नवा पंप कसा वागतो ते."

"तू खाली, गाडी वर. तू काय दुर्बिणीतून बघणार?"

"तुम्ही आवाज ऐका आणि मला सांगा. बास."

खरं कारण सांगितलं असतं तर ते जागचे हलले नसते. मला हे माहीत होतं. पण काय सांगणार? मी इथे पंप उघडला की तुमची गाडी तिथे बंद पडते, असं? डॉक्टर म्हणून चिडवणारा माणूस उद्या साऱ्या गावात वेड्या डॉक्टरची गोष्ट सांगत फिरला असता. मला लाज वाटली. एवढंच झालं. बाकी सगळं त्यातूनच आलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी टोपी सोडवली. पाटीवर वेळ लिहिली. प्लंजर ओढून काढला. तो सुटताना हाताला हलकासा हिसका बसला, घट्ट धरलेलं बोट कोणी सोडवून घ्यावं तसा. मग दाजींना फोन लावला.

घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन उचलला गेला आणि मला फक्त वाऱ्याचा आवाज आला. उघड्या खिडकीतून येतो तसा वारा. आणि त्यात दाजींचा आवाज, दुरून, माझ्याशी न बोलणारा. "थांब, थांब, थांब गं बाई..." ते गाडीला असंच म्हणतात. मग फोन बंद झाला.

ते थांबले नव्हते. अर्धा तास उभं राहण्यापेक्षा गाडी उतारावर चालवत का नेऊ नये, इंजिन गरमच होणार ना, असा विचार त्यांनी केला असणार. दाजी तसेच आहेत.

मी प्लंजर आत घातला. घाईत स्प्रिंग सुटली, उडाली आणि बेंचखाली गेली. मी पालथा पडून हात घातला, बोटांना नुसती धूळ लागत होती. बॅटरी आणली, काठी आणली. कोणीतरी तोंडाने मोठ्याने 'सापड, सापड' म्हणत होतं आणि तो मीच होतो. स्प्रिंग मिळाली, पुसायला वेळ नव्हता, तशीच बसवली. टोपी आवळली तेव्हा दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

अकरा मिनिटं. उतारावर, ब्रेकची हवा चार वेळा पाय दाबेपर्यंत.

थोडा वेळ पंप माझ्या हातात निपचित पडून होता. मग रोलर एकदा आत गेला. बाहेर आला.

६

दाजींचा फोन लागत नव्हता. ताईला फोन करायचं धाडस होत नव्हतं. मी स्टुलावर बसून राहिलो. लेथवाला एकदा डोकावून गेला, काहीतरी म्हणाला, मी मान हलवली. डिझेल माझ्या पँटवर गळत होतं. पंप खाली ठेवला तर तो थांबेल अशी भीती वाटत होती, म्हणून तो मी ठेवला नाही.

पावणेचारला ताईचा फोन आला. मी उचलला.

"आले रे हे," ती म्हणाली. "आत्ताच आले. बरे आहेत."

मी रडलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हातात पंप घेऊन, हुंदके देऊन रडलो. तिला वाटलं मी हसतोय.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. काही म्हणाले का? वाटेत काही...?"

"काहीच नाही. आल्यापासून गप्पच आहेत. हातपाय धुतले आणि बसलेत टेबलाशी. चहा दिलाय. दमलेत वाटतं." मग जरा थांबून म्हणाली, "गाडी कधी लावली ते कळलंच नाही मला. एरवी घरापाशी आले की दोनदा हॉर्न वाजवतात. आज आवाजच नाही. वळून बघितलं तर हे दारात."

माझा जीव भांड्यात पडला होता तो तिथेच राहू द्यायला हवा होता. पण माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. रोलर चालूच होता. आत, बाहेर. आता पहिल्यापेक्षा जलद.

"ताई, गाडीचं इंजिन बंद केलंय ना त्यांनी?"

"केलंच असणार. चावी खुंटीला आहे, मला दिसतेय."

"खिडकीतून बघ जरा."

तिच्या चपलांचा आवाज आला. पडद्याच्या कड्या सरकल्या.

"बंदच आहे. आवाज नाही काही." मग, "पण ते धुराच्या नळकांड्यावरचं झाकण हलतंय रे. वरखाली, वरखाली. वारा तर नाहीये."

ते झाकण धुराच्या जोराने उघडतं. इंजिन चालू असेल तरच. मी तिला हे सांगितलं नाही. मी विचारलं, "किती वेळाने हलतंय? बोल बरं, हललं की 'हं' म्हण."

"हं," ती म्हणाली. "हं. हं."

रोलर आत गेला की ती म्हणत होती. एकदाही चुकली नाही.

७

"अरे," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "आत कोणीतरी बसलंय."

"कुठे?"

"गाडीत. स्टिअरिंगवर."

"दाजी कुठे आहेत?"

"माझ्या मागे. टेबलाशी. मी आत्ता वळून बघितलं, चहा पिताहेत." पडद्याच्या कड्या पुन्हा सरकल्या. "गाडीतही हेच आहेत रे. तोच शर्ट. काचेवर हात आपटताहेत. माझ्याकडे बघून काहीतरी ओरडताहेत, पण आवाज येत नाही."

मी समजावण्याचा प्रयत्न केला. काचेत घरातलं प्रतिबिंब दिसत असेल, असं म्हणालो. ऊन समोरून येत असेल. ताईने सगळं ऐकून घेतलं, लहानपणी माझ्या थापा ऐकून घ्यायची तसं, आणि म्हणाली, "प्रतिबिंब असतं तर चहा पीत असतं. हे पीत नाहीयेत. हे रडताहेत."

मग तिच्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दाजींचा आवाज, अगदी स्वच्छ, अगदी शांत. चेष्टेचा लवलेश नाही. "त्याचा फोन आहे का? त्याला म्हणावं, आता उघडू नकोस."

दाजींना पंपाबद्दल मी काहीही सांगितलेलं नव्हतं. ताईलाही नाही. कोणालाच नाही.

"काय उघडू नकोस म्हणताहेत?" ताईने विचारलं. "आणि ते गाडीतले... अरे, ते हाताने खुणा करताहेत. मनगट असं फिरवताहेत. नट सोडवावा तसं. परत परत. तुला काय कळतंय का यातलं? मी दार उघडून त्यांना आत घेऊ? की यांच्यापाशी थांबू? कोणाचं ऐकू मी, सांग ना!"

एकाच्या बोलण्याचा अर्थ एवढाच होता, तुझ्या बहिणीला विधवा करू नकोस. दुसऱ्याच्या खुणांचाही बहुतेक तोच. एक घरात बसून सांगत होता पंप चालू राहू दे, दुसरा काचेआडून सांगत होता उघड. हा पंप त्या दोघांतल्या एकाला चालवत होता आणि एकाला अडकवून ठेवत होता. कोणता कोण, हे ओळखायचं एकही चिन्ह माझ्याकडे नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि डोकं मात्र भलतंच शांत झालं होतं. कामाच्या वेळी होतं तसं. मला त्या शांतपणाची आता किळस येते.

मी पंप वाइसमध्ये धरला. पाना घेतला आणि टोपीवर बसवला.

"ताई," मी म्हटलं, "रडू नकोस. अशी उभी राहा की दोघंही दिसतील. आणि त्यांच्यातला जो थांबेल, तो मला सांग."